सुनंदाची मोरकंठी, तीर्थनच्या पाण्यात

आरोंद्याच्या खाडीत मी साठ वर्षं गरवलं. गरवणं म्हणजे नायलॉनच्या तंगुसाला गळ बांधायचा, गळाला सुंगटाचा, म्हणजे कोलंबीचा, तुकडा लावायचा आणि दोरी हातातच धरून माशाची वाट बघायची. काठी नाही, चक्र नाही. तांबोशी लागली तर बोटं कापतात, काळुंदर लागलं तर कापत नाहीत, एवढाच फरक. या सगळ्या वर्षांत आमिषाशिवाय गळ पाण्यात टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि माझ्याच पडवीत माझी बायको बारा वर्षं आमिषाशिवायचे गळ बनवत बसली होती.

मी चौथी शिकलेला. लिहिण्याची सवय नाही. वाचनालयाच्या अंकासाठी मास्तर म्हणाले, "बाबलअण्णा, आपल्यातलं कोण जाणार आहे हिमाचलात? तुम्ही जाऊन आलात, तर लिहा." म्हणून लिहितो. शुद्धलेखन लेकीने बघितलं आहे. मजकुराला तिला हात लावू दिला नाही.

कुडाळला एमआयडीसीत तेव्हा एक कारखाना होता. तिथे पिसांच्या खोट्या माश्या बांधून परदेशी पाठवत. तिकडच्या थंड नद्यांत ट्राउट म्हणून मासा असतो, दुसरा एक ग्रेलिंग म्हणून असतो, त्याच्या पाठीवर होडीच्या शिडासारखा पर असतो. हे मासे पाण्यावरच्या माश्या आणि किडे खातात, म्हणून तिकडचे लोक पिसांची माशी करून त्यांना फसवतात. हे सगळं मला सुनंदाने सांगितलं. तिने कारखान्यात चित्र बघितलं होतं. तीन महिने बहिणीकडे कुडाळला राहून ती हे काम शिकली, मग सामान घरी आणून बांधायची आणि बाजाराच्या दिवशी एसटीने नेऊन द्यायची.

पडवीतल्या टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेला एक लहान चिमटा. चिमट्यात भाताच्या दाण्याएवढा गळ. त्यावर दोरा, मोरपिसाची एक काडी, कोंबड्याच्या मानेचं पीस. माश्यांची नावं इंग्रजी होती, ती बायांच्या तोंडात बसेनात. बायांनी आपली नावं ठेवली. एक काळी म्हातारी, एक घुंगुरटं, एक मोरकंठी. मोरकंठी सुनंदाच्या हातची चांगली व्हायची. अंग मोरपिसाचं, मानेभोवती तांबूस पिसाची झालर, शेपटीला लाल दोऱ्याचा ठिपका.

शेवटी ती पक्कड घ्यायची आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करायची. मी म्हणायचो, "काटो दाबलेलो गळ म्हणजे बिनकडयेचा दार. मासो येयत आनी जायत."

"आर्डर तशीच आसा," ती म्हणायची.

आणि महिन्यातून एकदा तरी हातातली माशी उजेडात धरून विचारायची, "काय ओ, मासो हेका खरोच खाता काय?"

"खुळो मासो आसलो तर खायत. वास नाय, मांस नाय. पिसां खाऊन कोण पोट भरता?"

असं म्हणून मी हसायचो. एकदा धक्क्यावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर हे सांगून हसलो. तीही हसली होती, असं मला वाटत होतं.

पुढे कारखाना बंद झाला. सुनंदाने चिमटा काढला नाही. राखणदार देवाला कोंबा, म्हणजे कोंबडा, द्यायचा असला की मानेची पिसं ती आधी मागून घ्यायची. दोन वर्षांमागे वैशाखात, दुपारी, अंगणात कोकमाची सोलं वाळत घालताना ती खाली बसली ती उठली नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वर्षश्राद्धाला जयश्री आली होती. जयश्री माझी लेक, कुडाळला शाळेत शिकवते. आईचं कपाट आवरताना तिला बिस्किटाचा डबा सापडला. आत कापूस, कापसात सात मोरकंठी.

"बाबा, ह्यो एकदा तरी पाण्यात पडाक होयो."

"खाडी आसा समोर. टाक."

"खाडयेत नाय. जेच्यासाठी बांधल्यान, तेच्या पाण्यात."

मी उठून गरवायला गेलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "चल. खाता काय तां बघून येवया."

नदी

ट्राउट हिमाचलातल्या तीर्थन नदीतही असतो, हे जयश्रीने शोधून काढलं. भातकापणी आटपून, दिवाळीच्या आधी निघालो. त्यानंतर तिकडे नदीत मासेमारी बंद होते. गाडीत काय झालं ते लिहीत नाही, गाडीत सगळ्यांचं सारखंच होतं. शेवटची बस डोंगराच्या कमरेवरून जात होती आणि जयश्री डोळे मिटून बसली होती, एवढं लक्षात आहे.

तीर्थन नदी पहिल्यांदा कानाने कळली. आमची खाडी बोलत नाही. ही एकसारखी बोलत होती. पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवट, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. मी काठावर उभा राहिलो आणि सवयीने भरती आहे की ओहोटी ते बघायला लागलो. मग माझं मलाच कळलं. आमच्याकडे गेलेलं पाणी सहा तासांनी परत येतं. माणूस त्याच्यावर भरवसा ठेवून जगतो. इथलं पाणी नुसतं जातं.

आमची सोय बेलीरामच्या घरी होती. बेलीराम पन्नाशीचा, बारीक, डोक्यावर गोल टोपी. बाहेरून येणाऱ्यांना मासे धरायला घेऊन जातो, परवाने काढून देतो, माश्याही स्वतः बांधतो. बायको निर्मला. घर लाकडाचं, मधल्या खोलीत लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून बाहेर. सगळं घर त्या शेगडीभोवती बसतं. आमच्याकडे पाहुणा आला की पडवीत बसवतात, इथे विस्तवाजवळ बसवतात.

जेवायला वाफवलेली मोठी गाकर, आत अक्रोडाचं वाटण, वरून तूप. सिड्डू म्हणतात. चांगलं लागलं. नंतर ट्राउट आला, टाक्यात पाळलेला, मोहरीच्या तेलात तळलेला. मासा गोड, काटा कमी. पण तेलाचा वास आमच्या नाकाला झेपेना. मी पिशवीतून सोलं आणि तिरफळं काढली. जयश्रीने डोळे वटारले.

"बाबा, लोकांच्या घरात आपली पिशवी उघडू नको."

"गप रव. मासो तेंचो, सोलां आपली."

निर्मलाला गंमत वाटली. तिने दुसऱ्या दिवशीचे दोन मासे माझ्यापुढे ठेवले. मी सोलांच्या पाण्यात तिरफळं ठेचून घालून कढ काढला. निर्मलाने एक घास घेतला, ओठ चाटले आणि हातावर तिरफळ घेऊन वास घेतला.

"ये तो तिरमिर है!" ती म्हणाली. मग उठून घरामागून एक काटेरी डहाळी घेऊन आली. तिच्या दाण्यांना आमच्या तिरफळाचाच वास. त्या काडीने ते लोक दात घासतात. माशात घालत नाहीत.

"दाँत में घिसते हैं, और आप मछली में डालते हो," बेलीराम म्हणाला.

"मासो खाल्यावर दांत घासूक नको, हो फायदो," मी म्हटलं. जयश्रीने त्याचं हिंदी केलं. निर्मला तोंडाला पदर लावून हसली. घर सोडल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाला हसवलं होतं.

जेवण झाल्यावर जयश्रीने डबा उघडला. बेलीरामने चष्मा लावला, एक मोरकंठी तळहातावर घेऊन शेगडीच्या उजेडात फिरवली. बराच वेळ. मग नखाने मानेजवळची गाठ चाचपली.

"किसने बांधी?"

"मेरी बायको ने," मी म्हटलं.

तो म्हणाला, मी तरुणपणी दिल्लीच्या दुकानातून अशाच माश्या मागवायचो. पाकिटावर नाव नसायचं. मला वाटायचं, या यंत्रावर होतात. इतके सारखे वेढे हाताने कोण घालणार?

"हात से," मी म्हटलं. "पडवीत बसून."

"मछली खाएगी इसको," तो म्हणाला.

मी विचारलं, "पक्का?"

तो म्हणाला, ते मासा ठरवेल.

पहिला दिवस

सकाळी नदीवर गेलो. बेलीरामने पहिल्यांदा मला काठी दिलीच नाही. पाण्यातला एक गोटा उलटा करून दाखवला. त्याला बारीक वाळूच्या नळ्या चिकटलेल्या. नळीत किडा. हा किडा वाढला की वर येतो, पंख फुटतात, पाण्यावर बसतो आणि मासा त्याला खातो. तुमच्या बायकोची माशी म्हणजे हाच किडा. मी तो गोटा जागच्या जागी परत ठेवला. बारा वर्षं ती काय बांधत होती ते मला त्या दिवशी दिसलं.

मग काठी. तिच्यावर जाड दोरी आणि टोकाला बारीक तंगूस, केसासारखा. आमच्याकडे शिसं वजन देतं. मी दोरी डोक्याभोवती गरागरा फिरवून फेकतो आणि ती जिथे हवी तिथे जाते. इथे शिसंच नाही. दोरीच वजन. काठी मागे न्यायची, थांबायचं, मागची दोरी सरळ होऊ द्यायची, मगच पुढे. त्या थांबण्यात माझा हात बसेना. दोन माश्या मागच्या झाडात गेल्या. बेलीराम झाडावर चढायला निघाला, पण फांद्या बारीक होत्या. दोन मोरकंठी त्या झाडावरच राहिल्या. पाच उरल्या.

दुपारपर्यंत एकही मासा जवळ आला नाही. मासे दिसत होते. खडकाच्या आडोशाला, तोंड वरच्या बाजूला करून, अंगावर लाल-काळे ठिपके असलेले. माशी त्यांच्या डोक्यावरून जायची. ते हलायचेदेखील नाहीत.

इथे मी जे केलं ते सांगतो. लपवून उपयोग नाही. बेलीराम आणि जयश्री चहा करायला वरच्या अंगाला गेले. माझ्या खिशात घरून आणलेली सुकी सुंगटं होती, प्रवासात तोंडात टाकायला. मी दोन सुंगटं दाताने चावली, त्याचा लगदा केला आणि मोरकंठीला चोळला. अंगाला, झालरीला, सगळीकडे. मनात म्हटलं, वास असल्याशिवाय मासा कशाला येईल? साठ वर्षांत आला नाही.

माशी पाण्यात पडली आणि दगडासारखी बुडाली. झालर चिकटून काडी झाली होती. बेलीराम परत आला, त्याने दोरी ओढून माशी हातात घेतली आणि नाकाला लावली. 

मग म्हणाला, "बाबूजी, यहाँ चारा मना है. परमिट जाएगा."

मी मान खाली घातली. तो म्हणाला, परमिटाचं सोडा. ही माशी पाण्यावर उभी राहण्यासाठी बांधलेली आहे. प्रत्येक केस मोजून लावलेला आहे. तुम्ही तिची चटणी केलीत.

जयश्री शाळेत मुलांना रागावते त्या आवाजात म्हणाली, "बाबा, तू आयेच्या कामावर शेवटपर्यंत इश्वास ठेवलंस नाय." मग तिचा आवाज बदलला. "तुका म्हायत आसा? ती दुपारची तू झोपलंस की खाडयेर जायची. मोरकंठी घेवन. काळुंदर खाता काय बघी. काळुंदर येय, माशी बघी, आनी परत जाय. ती माका फोनार सांगी. म्हणी, बाबाक सांगू नको गो, तो हसतलो."

मी दोरी गुंडाळली.  परत फिरताना माझा पाय शेवाळलेल्या गोट्यावरून सरकला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात बसलो. असलं थंड पाणी आमच्याकडे देवाच्या विहिरीतही नसतं. श्वासच राहिला. जयश्री किंचाळली. बेलीरामने काखेत हात घालून मला बाहेर काढलं. निर्मलाने मला तिच्या सासऱ्यांचा लोकरी पायजमा दिला, तो मला दोन वीत मोठा होता. शेगडीजवळ बसून मी रात्रीपर्यंत थरथरत होतो. जयश्री माझ्या पायांना तेल चोळत होती. ती उठून गेली नाही.

दुसरा दिवस

परवाना दोनच दिवसांचा होता. तेव्हा हा शेवटचा. आज मासा आला नाही तर मी सुनंदाला काय सांगणार होतो, ते मला ठाऊक नव्हतं. माणूस गेल्यावर त्याला सांगायचं असं काही नसतं, हे मला कळतं. तरी मी सकाळपासून तेच घोळवत होतो.

चार माश्या उरल्या होत्या. मी डबा उघडून एक उचलली आणि गळाचं टोक बोटावर घासलं. उलटा काटा सपाट दाबलेला. मी बेलीरामला विचारलं, हे असं का करतात? मासा निसटेल की.

तो म्हणाला, निसटायलाच हवा. इथे मासा धरायचा आणि सोडायचा. काटा असला तर काढताना त्याचा जबडा फाटतो.

"आयेन माका सांगितल्यान होता," जयश्री म्हणाली. "तिका कारखान्यातल्या सायबान सांगलेल्यान. तुका पण सांगी ती. तू म्हणालंस, सोडूचोच तर धरूचो कित्याक?"

मला आठवलं. अगदी असंच म्हटलं होतं.

बेलीरामने आज मला वेगळ्या जागी नेलं. मोठ्या खडकाखाली पाणी फिरत होतं, जरा मंद, खाडीसारखं. मागे झाड नव्हतं. तो म्हणाला, घाई नाही. मागे न्या, थांबा. मनात एक नाव घ्या, तेवढा वेळ थांबा.

मी नाव घेतलं. दोरी मागे सरळ झाली, ते हाताला कळलं. पुढे सोडली. मोरकंठी खडकाच्या वरच्या अंगाला पडली, पडताना आवाजही झाला नाही. झालर पसरून पाण्यावर उभी राहिली. उभी राहिली, असं मी लिहितो कारण तसंच होतं. सहा पायांवर किडा बसावा तशी ती बसली आणि वाहत आली.

मी साठ वर्षं पाण्याखालचा मासा बोटाने ओळखला. डोळ्याने कधीच बघितला नाही, खाडीचं पाणी गढूळ. इथे सगळं दिसत होतं. खडकाच्या सावलीतून एक लांब सावली निघाली. वर आली. माशीच्या खाली काही वेळ बरोबर वाहिली, जणू वाचत होती. काळुंदर असंच बघत असेल, आणि मग परत जात असेल.  जयश्रीने माझ्या पाठीला हात लावला होता.

मासा वर आला, तोंड उघडलं आणि मोरकंठी घेतली. घाई नाही, उडी नाही. पाण्यावर एक वर्तुळ उठलं आणि माशी तिथे नव्हती.

आणि मी हिसका दिला.

बेलीरामने दहा वेळा सांगितलं होतं, ओढू नका, नुसती काठी वर करा. पण हात माझा होता, खाडीतला. तांबोशी लागली की जोरात हिसका द्यायचा, नाहीतर ती खडकात शिरते. साठ वर्षांचा हात डोक्याला विचारत नाही. केसासारखा तंगूस टक् करून तुटला. काठी हलकी झाली. मासा एकदा पाण्याबाहेर वळला, पिवळं पोट दिसलं, ओठाच्या कडेला मोरकंठीचा ठिपका दिसला, आणि तो खाली गेला.

मी तिथेच गोट्यावर बसलो. "गेलो," मी म्हटलं. "शिरा पडो माझ्या हातार."

बेलीराम शेजारी बसला. म्हणाला, काटा नाही ना. घटकाभरात डोकं झटकून तो माशी काढून टाकेल. त्याला काही होणार नाही. माशी वाहून जाईल खाली.

मग त्याने विचारलं, "बाबूजी, खाया ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. मासा गेला म्हणून मी रडत बसलो होतो. आम्ही माशासाठी आलोच नव्हतो.

"खाया," मी म्हटलं.

जयश्री एकदम रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी. "बाबा, खाल्ल्यान," ती म्हणत होती, "आयेची माशी खाल्ल्यान."

बेलीरामने तंगूस नवा बांधला, दुसरी मोरकंठी लावायला हात पुढे केला. मी नको म्हटलं. अजून अर्धा दिवस होता, तीन माश्या होत्या, नदी होती. पण मला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. बेलीरामने आग्रह केला नाही. काठी जयश्रीला दिली. तिने पिसांशिवायच, नुसती दोरी फेकायला शिकून घेतली. तिला ते माझ्यापेक्षा लवकर आलं. ती आईवर गेली आहे.

निघताना एक मोरकंठी बेलीरामला दिली. त्याने ती आपल्या टोपीच्या पट्टीत खोचली. म्हणाला, ही पाण्यात टाकणार नाही, बघून बांधायला शिकेन. निर्मलाने तिरमिरच्या डहाळ्या कागदात बांधून दिल्या. त्या घेऊन मी आलो आहे. दात घासायला ठीक आहेत.

परत

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात पाय ठेवला आणि कुंपणापलीकडून शालन ओरडली. शालन आमची शेजारीण, सुनंदाबरोबरच कारखान्यात शिकलेली. तिने काळ्या म्हाताऱ्या बांधल्या, सुनंदाने मोरकंठी.

"भावोजी, खाल्ल्यान काय ओ?"

कसे आहात नाही, प्रवास कसा झाला नाही. मी पिशवी खाली ठेवली.

"खाल्ल्यान."

शालन कुंपणावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. तिला सगळं हवं होतं. वरून खाल्ल्यान की खालून? झालर उभी रवली की आडवी झाली? बघून खाल्ल्यान की येता येता? मी सांगत गेलो. मासा खालून बरोबर वाहिला, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बघीत होतो. मगे खाल्ल्यान म्हणजे तेका खरीच दिसली." मग तिने डोळ्यांना पदर लावला. "बारा वर्सां बांधल्याव भावोजी. एक मासो बघूक नाय."

मी तिला उरलेल्या दोनांपैकी एक दिली. दुसरी डब्यात आहे, कापसात.

पडवीतला चिमटा अजून टेबलाला आहे. शालन दुपारची येते आणि मला बांधायला शिकवते. माझी बोटं तंगुसाने कापून जाड झालेली, त्यांत दोरा धरत नाही. पहिली माशी बघून शालन म्हणाली, "ही माशी नाय भावोजी, हो पिसांचो उंदीर." तिसरीला ती काही बोलली नाही. पाचवीला म्हणाली, "झालर दाट झाली. सुनंदा तीन वेढे घाली, तुमी आठ घातलास." राखणदाराला कोंबा दिला तेव्हा मी मानेची पिसं आधी मागून घेतली. गुरव माझ्याकडे बघत राहिला.

उलटा काटा मी दाबतो. पक्कड तिचीच आहे.

दुपारी गावात सगळी झोपलेली असतात तेव्हा खाडीवर जातो, ती जायची त्या जागी. शालनने मला जागा दाखवली, तिलाही ठाऊक होती, मलाच नव्हती. काठी नाही, चार हात तंगूस आणि माझ्या हातची मोरकंठी. तिथे काठाशी पाणी उथळ आहे; ते संथ आणि निवळ असलं की टाकतो आणि बसून राहतो.

काळुंदर येतं. माशीकडे बघतं. परत जातं.

मी हसत नाही.